सोळा सामने, सोळा फोन

मेलबर्नजवळच्या वेरिबीतल्या त्या घरात फ्रिजवर दर जुलैत एक कागद लागायचा. वर ठळक अक्षरांत 'अपेक्षा' आणि खाली एक ते पाच आकडे घालून पाच ओळी. मी तिथे भाड्याने खोली घ्यायला गेलो त्या दिवशी तो कागद नुकताच लागला होता. मला वाटलं, भाडेकरूसाठीच असणार. समोर उभ्या असलेल्या घरमालकांचा चेहराही दुसऱ्यांकडून अपेक्षा करणाऱ्या माणसाचाच होता. म्हणून बॅग खाली ठेवून मी मुकाट्याने वाचायला लागलो.

'१. डावीकडे पळू नये. २. चेंडू फार वेळ हातात ठेवू नये. ३. अंगावर माणूस आला की खाली बसावे, मर्दुमकी दाखवू नये. ४. खांदा जपावा. ५. सर्व सामने खेळावेत.'

"काका, हे माझ्यासाठी आहे का?" मी विचारलं.

"तू क्वार्टरबॅक आहेस का?"

"नाही."

"मग तुझ्यासाठी एकच. बाथरूमचा पंखा चालू ठेवायचा नाही." आणि ते कणीक मळायला निघून गेले.

आमची ओळख झाली ती अशी. पुढची अडीच वर्षं मी त्या घरात काढली, आणि त्यातले कितीतरी महिने असे की त्यांच्याशिवाय दुसरा माणूस मला दिसला नाही. एखाद्याला इतक्या जवळून बघण्याची वेळ शत्रूवरही येऊ नये. पण बघितलं खरं.

क्वार्टरबॅक म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधला तो प्राणी, ज्याच्या हातात प्रत्येक वेळी चेंडू येतो. त्याने तो आपल्या माणसाकडे नेमका फेकायचा. फेकेपर्यंत समोरचे दीडशे किलोचे पैलवान त्याला आडवा करायला धावत असतात. काकांचा अशा एका क्वार्टरबॅकवर जीव होता. अमेरिकेतल्या ज्या गावात त्यांची मुलगी राहायची तिथल्या संघाचा तो. त्याचं नाव त्यांनी माझ्यासमोर कधी घेतलं नाही. पूर्वीच्या बायका नवऱ्याला 'हे' म्हणत, तसे काका त्याला 'गडी' म्हणत. "यंदा गड्याचं काही खरं नाही." "गड्याला झोप मिळत नाही, डोळे बघ त्याचे." डोळे बघायला ते चित्र थांबवून टीव्हीच्या पडद्याला नाक लावायचे.

आता, मेलबर्नमध्ये राहून अमेरिकन फुटबॉल बघणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून घरून आणलेला डबा उघडणं. इथे ज्याला फुटी म्हणतात तो खेळ वेगळा, आणि तो इथल्या माणसांच्या रक्तात आहे. आमचा शेजारी एक म्हातारा ऑसी, अस्सल ऑस्ट्रेलियन, होता, कुंपणापलीकडे गुलाबांना पाणी घालत असायचा. सोमवारी सकाळी काका कचऱ्याचा डबा रस्त्यावर न्यायला बाहेर यायचे, लेंग्यावर गड्याच्या संघाची जर्सी घालून. म्हातारा दर सोमवारी तेच ओरडायचा, "राँग फुटी, मेट!" आणि काका दर सोमवारी तेच उत्तर द्यायचे, "नो वरीज, मेट, सेम टेन्शन."

सोमवारच का, तर अमेरिकेतली रविवारची दुपार म्हणजे आमची सोमवारची पहाट किंवा सकाळ. गडी खेळायचा, काका बघायचे, आणि सामना संपला की तासाभरात अमेरिकेहून फोन यायचा. तो जावयाचा. गोरा माणूस, मोठ्या आवाजाचा, मनाने फार चांगला. काकांना तो 'बाबा' म्हणायचा, पण असा की जणू त्यांचं पाळण्यातलं नाव 'बॉबा' असावं. हंगाम सुरू व्हायच्या आधी त्याचं एकच वाक्य असायचं, "बाबा, धिस इज अवर इयर!" काका त्याला 'जावईबापू' म्हणत आणि इंग्रजीत बोलत. मुलगी फोनवर यायची नाही.

काका पूर्वी डँडेनॉन्गला गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. वीस वर्षं त्यांनी एकेक तुकडा हातात घेऊन, उजेडाकडे धरून, पास की नापास ते सांगितलं. कारखाना बंद झाला, सवय राहिली. माझी पोळी, माझा सीव्ही, माझं आईशी फोनवरचं बोलणं, सगळं उजेडाकडे धरून बघायचे. आणि निकाल नेहमी एकच, "रिवर्क." म्हणजे फेकून देण्यासारखं नाही, पण पुन्हा करावं लागेल. गड्याच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक मोठा अड्डा होता. तिथे लोक लिहायचे की ह्याला विका, नवा पोरगा आणा, ह्याच्याकडून आता काय होणार. त्या हजारो शिव्यांच्या मधे काकांची एक ओळ असायची. 'प्लीज अलाऊ रिवर्क.' तिला कधी कुणी उत्तर दिलं नाही.

समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणं त्यांना जमायचंच नाही. मी "काका, आज ऑफिसमध्ये" म्हणेपर्यंत ते "तू मॅनेजरला ईमेल कर" म्हणून मोकळे. कशाबद्दल, हे त्यांना माहीत नसायचं. मी चिडायचो. एकदा तर ताट घेऊन खोलीत जाऊन जेवलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं की काल तू काय सांगत होतास, आणि मी सांगायला तोंड उघडलं तर मधेच म्हणाले, "अरे, मग तू मॅनेजरला ईमेल कर ना."

हा फोनचा प्रकार काय आहे ते मला हळूहळू कळलं. घरात स्पीकरवर सगळं चालायचं, बँक, डॉक्टर, पुण्याची बहीण. जावयाचा फोन मात्र ते कानाला लावून घ्यायचे, आणि दुसऱ्या कानात बोट. जावई बोलत असताना त्यांचं लक्ष भलतीकडेच असायचं. बोलणं संपत आलं की उगाच एखादा प्रश्न काढायचे. तिसऱ्या डावात गड्याने चेंडू का नाही फेकला? जावई बिचारा पुन्हा दहा मिनिटं समजावून सांगायचा. फोन ठेवल्यावर काका मला म्हणायचे, "आज कुकर लावला होता तिने. तीन शिट्ट्या झाल्या." किंवा, "सर्दी झालीय तिला." किंवा, "आज हसली. कशाला ते नाही कळलं."

मुलगी तीन वर्षं त्यांच्याशी बोललेली नव्हती. तिने तिकडेच लग्न ठरवलं, तारीख कळवली, तिकीट पाठवलं, आणि काका गेले नाहीत. कंबर धरलीय, असा निरोप दिला. कंबर कुणाची कधी धरते ते मुलींना बरोबर कळतं. लग्नानंतर नवऱ्यामुलानेच आपणहून फोन केला, सासऱ्याशी ओळख करून घ्यायला. दोघांना बोलायला काही सुचेना. तेव्हा त्याने आदल्या दिवशीच्या सामन्याबद्दल सांगितलं, आणि काका नुसते येस येस करत राहिले. पुढच्या सोमवारी त्यांनी पहाटे उठून सामना बघितला, उत्तर देता यावं म्हणून. चेंडू बदामासारखा का असतो इथपासून त्यांचा अभ्यास सुरू झाला.

म्हणजे सोळा सामने, सोळा सोमवार, सोळा फोन. मधले सात-आठ महिने काही नाही. जगातल्या बाकीच्या चाहत्यांना गड्याकडून करंडक हवा होता. काकांना त्याने फक्त उभं राहायला हवं होतं. जिंको, हरो, पण खेळो. कारण मी राहायला आलो त्या वर्षी पाचव्याच सामन्यात गड्याचा खांदा निखळला, त्याला खाटल्यावर घालून बाहेर नेलं, आणि जावयाने मन मोडून टीव्ही बंद केला तो हंगाम संपेपर्यंत. फोनही बंद. त्या सोमवारांना काका अकरा वाजेपर्यंत जर्सी घालून बसायचे आणि मग बदलून यायचे. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. स्वतः फोन करा ना, असं मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "ती उचलणार नाही. मग मला ते कळेल."

त्यानंतरचं वर्ष कोविडचं.

मार्चपासून मी खोलीतून काम करायला लागलो. बँकेच्या हेल्पलाइनवर होतो. सकाळी आठला हेडसेट घालायचा आणि दिवसभर अनोळखी माणसांशी गोड बोलायचं. कुणाचं कार्ड हरवलेलं, कुणाचा पासवर्ड. शंभर माणसांशी बोलून संध्याकाळी हेडसेट काढला की लक्षात यायचं, आज एकही वाक्य आपलं स्वतःचं बोललो नाही. मित्र होते, पण कुणी डँडेनॉन्गला, कुणी शहरात, आणि पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही असा हुकूम. आईला फोन केला की ती रडायची, मग मी फोन कमी केले. राहिलं काय, तर अकराचं जेवण. काकांना कारखान्याच्या शिफ्टपासून अकरालाच जेवायची सवय, म्हणून मी माझा ब्रेक अकराला घेतलेला. त्या अर्ध्या तासात मला मधेच तोडणारा, माझं न ऐकता सल्ला देणारा एक माणूस समोर असायचा. खरं सांगतो, मी त्या अर्ध्या तासावर दिवस काढत होतो.

आणि तोच त्यांनी काढून घेतला.

प्रश्न होता यंदाचा हंगाम होणार का. प्रीमियर, म्हणजे इथले मुख्यमंत्री, रोज टीव्हीवर येऊन आजचे रुग्ण किती ते सांगायचे, लोक श्वास रोखून ऐकायचे, आणि आमच्या घरात विचारणा वेगळीच. "तिकडे सराव सुरू करताहेत का रे? प्रेक्षक नसले तरी चालतील, म्हणावं. गड्याचा खांदा बरा झालाय, ऑपरेशन चांगलं झालंय. आता नाही खेळला तर कधी खेळणार?" फ्रिजवर कागद लागला. यंदा त्यावर पाच ओळी नव्हत्या, एकच होती. 'खेळावे.'

काका दरवर्षी चातुर्मासात गड्यासाठी एक नेम धरायचे. आषाढीला धरायचा, कार्तिकीला सोडायचा. आदल्या वर्षी वांगं सोडलं होतं. आषाढीच्या संध्याकाळी, साबुदाण्याची खिचडी झाल्यावर, त्यांनी जाहीर केलं, "वांग्यात दम नव्हता. वांगं मला मुळात आवडतच नाही, ते काय सोडायचं. यंदा मौनभोजन."

"म्हणजे?"

"दोन्ही वेळा जेवताना बोलायचं नाही. पहिल्या घासापासून पान संपवून उठेपर्यंत."

"काका, लॉकडाऊन आहे. दिवसातून तो अर्धा तास तर आपण बोलतो. कांदा सोडा ना."

"कांद्याचं मला काही वाटत नाही. बोलण्याचं वाटतं. सोडायचं तर जे जड जातं ते सोडावं."

"चार महिने?"

"यंदा अधिक मास आलाय," ते जरा ओशाळून म्हणाले. "पाच."

मी त्या रात्री दुसरी खोली शोधायला बसलो, आणि मग आठवलं की खोल्या बघायला जाताही येत नाही.

ते पाच महिने मी विसरणार नाही. समोरासमोर दोन ताटं, दोन माणसं, आणि चमच्यांचा आवाज. काका नेमाला इतके पक्के की हुंकारसुद्धा नाही. हुंकार म्हणजे अर्धं बोलणंच, असं त्यांचं मत. वाटी एकदा वाजवली की आमटी, दोनदा वाजवली की ताक. सुरुवातीला मी हट्टाने बोलत राहिलो. आज एका बाईने कार्ड कुत्र्याने खाल्लं म्हणून फोन केला, असं सांगितलं. काकांचे डोळे चमकले, ओठ हलले, सल्ला पार दातांपर्यंत आला, आणि त्यांनी तो भाताच्या घासाबरोबर गिळला. मला मजा वाटायला हवी होती. पण उत्तर न देणाऱ्या माणसाशी किती बोलणार? महिन्याभरात मीही गप्प बसून जेवायला लागलो. हात धुऊन झाल्यावर ते बोलायला मोकळे व्हायचे, तोपर्यंत माझा ब्रेक संपलेला असायचा आणि मी हेडसेटकडे धावत असायचो.

हंगाम झाला. रिकाम्या मैदानात, पण झाला. गडी खेळायला उतरला त्या सोमवारी काकांनी देवापुढे गूळखोबरं ठेवलं. फोन आला, जावई ओरडला, "अवर इयर, बाबा!" पाच सामने, पाच फोन. काका त्या दिवसांत चालतानासुद्धा खांदा सांभाळून चालायचे.

सहाव्या सोमवारी, सामना सुरू होऊन वीस मिनिटं झाली नसतील, गडी डावीकडे पळाला. काका उठून उभे राहिले. "बस खाली! बस!" त्यांचा आवाज मला बंद दारातून, कानात हेडसेट असताना ऐकू आला. तोच खांदा.

अकरा वाजता मी बाहेर आलो तर त्यांनी दोघांची पानं वाढून ठेवली होती. टीव्ही बंद. जर्सी अंगावरच. आम्ही जेवायला बसलो. वरणभात कालवला, पहिला घास घेतला, आणि टेबलावरचा फोन वाजला. पडद्यावर जावयाचं नाव नव्हतं. मुलीचं होतं.

काकांचा हात घासासकट थांबला. दुसऱ्या हाताने त्यांनी बटण दाबलं, स्पीकरचं.

"हॅलो? बाबा? मी बोलतेय. तो आज फोन नाही करणार, इतकंच सांगायचं होतं. ही इज रिअली अपसेट. बाबा? आर यू देअर?"

काका माझ्याकडे बघत होते. मी आयुष्यात असा चेहरा पाहिलेला नाही. पानावरून उठलं तर नेम मोडतो, न उठलं तर मुलगी जाते. त्यांनी फोन बोटाने माझ्याकडे सरकवला.

"ताई," मी म्हणालो, "मी यांचा भाडेकरू. काका समोरच आहेत, ऐकताहेत. जेवताना त्यांचं मौन असतं, चातुर्मासाचं."

मग ती फस्सकन हसली. "मौन? बाबांचं?" आणि जरा थांबून, "मग बरंय. मग मीच बोलते."

आणि ती अकरा मिनिटं बोलली. दोघं घरूनच काम करतात, घर लहान आहे, मीटिंगच्या वेळी एकाला बाथरूममध्ये बसावं लागतं. दुकानात पीठ मिळत नाही. तिने आईच्या पद्धतीचं भरलं वांगं करायचा प्रयत्न केला आणि करपवलं. काकांचे ओठ तीनदा उघडले आणि तीनदा मिटले. शेवटी ती म्हणाली, "लहानपणापासून पहिल्यांदा मी तुम्हाला काहीतरी पूर्ण सांगितलंय, बाबा. बाय."

त्या दिवसापासून ती दर सोमवारी फोन करायला लागली. गडी हंगामातून बाद झाला होता, त्याच्याकडून आता कुणालाच कसलीही अपेक्षा नव्हती, आणि फोन मात्र येत होते. काका आता अकराला पान वाढून ठेवायचे, पण जेवायला सुरुवात करायचे नाहीत. घड्याळाकडे बघत बसायचे. फोन वाजला की घाईघाईने पहिला घास तोंडात, मग बटण.

"हे काय, काका?" मी विचारलं. "आधी फोन घ्या, बोला, मग जेवा. नेम कुठे मोडतो?"

"मोकळा असलो की मी बोलणार," ते म्हणाले. "माझा मला भरवसा नाही. मी बोललो की ती फोन त्याच्याकडे देईल."

"आणि गडी तर गेला. आता मौन कुणासाठी?"

"नेम कार्तिकीपर्यंत धरलाय. त्याच्या खांद्यासाठी आहे असं समज."

त्यामुळे झालं काय, की तिला जे सांगायचं होतं ते सगळं हात धुतल्यावर माझ्या वाट्याला यायला लागलं. माझा ब्रेक संपत आलेला, मी दारात, आणि काका नॅपकिनला हात पुसत मागे. "वांग्याला आच मंद हवी, हे सांगायचं होतं तिला. आणि ती आईचं नाव घेते तेव्हा तिचा आवाज तिच्या आईसारखाच होतो, हे सांगायचं होतं." मी ऐकायचो, आणि हेल्पलाइनला दोन मिनिटं उशिरा लागायचो.

अशाच एका सोमवारी त्यांनी मला लग्नाचं सांगितलं. बोलता बोलता नाही. नॅपकिन नीट घडी करून ठेवला आणि मग.

"जावई गोरा म्हणून मी गेलो नाही, असं वाटतं तिला. मला काय करायचंय गोरा की काळा. तुझी काकू गेल्यावर वर्षात तिचं लग्न ठरलं. मला वाटलं, कन्यादानाला जोडपं लागतं. मी एकटा. म्हणजे तिकडच्या कुणा नवराबायकोला पाटावर बसवतील, ते हातावर पाणी सोडतील, आणि मुलीचा बाप बाजूला कोट घालून उभा. ते मला जमलं नसतं रे. विमानतळापर्यंत गेलो होतो. बॅग दिली नाही, परत आलो."

"हे तिला सांगा, काका."

"आता काय सांगायचं. बोलतेय ना ती, बोलू दे."

मी हेडसेट घातला. त्या दिवशी एका म्हाताऱ्याने पासवर्ड विसरला म्हणून फोन केला होता आणि मी त्याच्यावर विनाकारण चढ्या आवाजात बोललो. माझी तक्रार झाली.

कार्तिकीच्या आधीचा तो शेवटचा सोमवार. लॉकडाऊन उठला होता, पाच किलोमीटर सुटले होते, देशाबाहेर जायला मात्र अजून बंदी. तिचा फोन आला, काकांनी घास घेतला, ती बोलायला लागली, आणि थोड्या वेळाने तिचा आवाज बदलला.

"बाबा, एक विचारू? उत्तर नका देऊ, तुम्हाला देता येणारच नाही, म्हणूनच विचारतेय. तो तुम्हाला नको होता ना? गोरा म्हणून? मग आता त्याच्याशी तास तास कसे बोलता? त्याला माफ केलंत. मी काय केलं होतं?"

काका समोर बसलेले. गालात घास. डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं आणि माणूस गप्प. इतका संताप मला कधी आला नव्हता. पाच महिने हा माणूस माझ्यासमोर असा बसला होता, आणि मी भिंतीशी जेवलो होतो.

"ताई," मी म्हणालो, "ते यायला निघाले होते. विमानतळावरून परत आले."

काकांनी वाटी आपटली. एकदा, दोनदा, दहादा. आमटी टेबलभर झाली. हातवारे करून मला थांबवायला लागले, पण शब्द काढता येत नव्हता, आणि मी त्याचा सरळ फायदा घेतला. जोडपं, पाट, पाणी, कोट घालून बाजूला उभं राहणं, सगळं सांगितलं. ते थांबवत असताना माझं बोलणं पहिल्यांदाच पूर्ण झालं.

मला वाटलं, तिने फोन ठेवला.

काका पानावरून उठले. अर्धा भात तसाच. नेमाला तीन दिवस राहिले होते. हात न धुताच त्यांनी फोन उचलून तोंडाजवळ धरला.

"तुझी आई असती तर आलो असतो गं," ते म्हणाले.

"कन्यादान नव्हतंच, बाबा." तिचा आवाज फुटला होता. "कोर्टात होतं. दहा मिनिटांचं काम. दोन साक्षीदार लागतात, एक त्याच्याकडचा, एक माझ्याकडचा. त्याचा भाऊ होता. माझ्याकडून कोणी नव्हतं. क्लार्क म्हणाली, बाहेर बाकावर कुणी बसलं असेल त्याला बोलवा. एक म्हातारा माणूस आला. दंड भरायला आला होता. त्याने केली."

"काय केली?"

"सही."

"नुसती सही?"

"हो."

"मला एकट्याला करता आली असती?"

"हो, बाबा."

काका खाली बसले. मी माझं ताट उचललं आणि खोलीत गेलो. ब्रेक संपून बराच वेळ झाला होता, तरी हेडसेट घातला नाही. भिंतीपलीकडे दोघांपैकी कोणीही बोलत नव्हतं, आणि फोन कोणी ठेवतही नव्हतं.